मुद्रणसंचिका

संगणकावर जुळविलेले पान थेट कागदावर न छापता, ते छापण्यासाठी मुद्रणयंत्रास द्यावयाच्या आज्ञा ज्या संचिकेत साठविल्या जातात, तिला मुद्रणसंचिका म्हणतात. व्यवहारात ही क्रिया ‘प्रिंट टू फाईल’ या नावाने ओळखली जाते. मूळ संचिकेतील मजकुरात फेरफार करता येतात. मुद्रणसंचिकेत मुख्यत्वे कोणते अक्षरचिन्ह पानावर कोठे व केवढे उमटवावयाचे, याची नोंद असते. मराठी मुद्रणात या भेदाचे परिणाम दूरगामी ठरले.

कोल्हापूर हे दक्षिण महाराष्ट्रातील मुद्रणव्यवसायाचे जुने केंद्र आहे. ‘पुढारी’ येथून १९३९ पासून दैनिक स्वरूपात निघू लागला, तेव्हा वृत्तपत्रांची अक्षरजुळणी शिशाच्या खिळ्यांनी होत असे. संगणकीय जुळणीचा पाया १९८४ मध्ये अडॉबी कंपनीच्या पोस्टस्क्रिप्ट या पृष्ठवर्णन भाषेने घातला. पुढील वर्षी लेसररायटर हे मुद्रणयंत्र व पेजमेकर ही पृष्ठरचनेची प्रणाली उपलब्ध झाली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांत ‘डीटीपी’ची दुकाने निघाली. फिल्म काढणारे यंत्र महाग असल्याने ते प्रत्येकाजवळ नसे. अशा वेळी तयार पानांची मुद्रणसंचिका करून ती फ्लॉपीवरून दुसरीकडे नेणे सोयीचे होई. फ्लॉपीची धारणक्षमता १·४४ मेगाबाइट असल्याने चित्रे असलेल्या पानांना मात्र ती अपुरी पडे.

मुद्रणसंचिका करताना प्रथम अंतिम यंत्राचा ड्रायव्हर निवडावा लागतो. एका जातीच्या यंत्रासाठी केलेली संचिका दुसऱ्याकडे धाडल्यास कागदावर बहुधा निरर्थक चिन्हे उमटतात. विंडोज प्रणालीत यंत्राच्या जोडणीऐवजी ‘फाईल’ हा पर्याय निवडला जाई. डॉस प्रणालीतून अशी संचिका यंत्राकडे पाठविताना ‘कॉपी’ या आज्ञेस ‘/बी’ हे चिन्ह जोडत; अन्यथा संचिकेत २६ हा संकेतांक येताच ती संपली असे समजून छपाई अर्धवट राही.

मराठीच्या दृष्टीने या पद्धतीचे महत्त्व विशेष होते. जुन्या अक्षरसंचांत प्रत्येक उत्पादक जोडाक्षरांना व मात्रांना स्वतःचे संकेतांक देत असे. त्यामुळे एका अक्षरसंचातील मजकूर दुसऱ्यात अवाचनीय होई. पोस्टस्क्रिप्ट संचिकेत अक्षरांचे आकारच अंतर्भूत करता येत असल्याने, मूळ अक्षरसंच नसलेल्या ठिकाणीही पान जसेच्या तसे निघे. मात्र एखादा रफार चुकला, तरी मूळ संचिकेत दुरुस्ती करून मुद्रणसंचिका नव्याने करावी लागे.

१९९३ मध्ये आलेल्या पीडीएफ या स्वरूपाने ही पद्धत सार्वत्रिक केली. २००८ मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. विशिष्ट यंत्रावरील अवलंबित्व यामुळे संपले; मजकुराचा प्रश्न मात्र सुटला नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये निश्चित झाले व त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश होता. तरीही पेजमेकरमधील मराठी जुळणी जुन्या अक्षरसंचांतच होत राहिली. त्यांपैकी अनेकांत ‘लिपी’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी ‘ल’च्या आधी नोंदली जाते. साहजिकच अशा पीडीएफमध्ये ‘कोल्हापूर’ हा शब्द डोळ्यांना दिसतो, पण संगणकाने शोधल्यास सापडत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी. प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक ठरविले. १९६२ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचे प्रबंधही ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात आहेत. जुन्या अक्षरसंचांत जुळविलेल्या मराठी प्रबंधांबाबत तेथेही हीच अडचण येते. मुद्रणसंचिका पानाचे रूप टिकविते, भाषा टिकवितेच असे नाही. म्हणून दीर्घकालीन जतनासाठी पीडीएफबरोबर युनिकोडमधील मूळ मजकूरही राखणे आवश्यक असते.