‘तू’ या अर्थाचे एक चिनी अक्षर

चिनी बौद्ध ग्रंथांत ‘तू’ या अर्थाचे प्रतिष्ठित सर्वनाम ‘रू’ हे होय. कुमारजीवाने इ. स. 406 मध्ये अनुवादिलेल्या ‘सद्धर्मपुण्डरीक’ सूत्रात भगवान बुद्ध सारिपुत्तास याच शब्दाने संबोधतात. परंतु थांग काळातील आचार्य लिन्-ची (निधन इ. स. 866) यांची प्रवचने उघडली की पानोपानी निराळे अक्षर भेटते. त्याचा उच्चार ‘नी’.

या अक्षराची घडण पाहण्याजोगी आहे. डावीकडे मनुष्याचे चिन्ह. उजवीकडे ‘अर्’ हे प्राचीन अक्षर, ज्याचा अर्थही ‘तू’ असाच. पूर्वी या ‘अर्’चा उच्चार अनुनासिकाने सुरू होत असे. ग्रंथवाचनातील उच्चार कालौघात पालटला; लोकांच्या तोंडी मात्र जुना अनुनासिक टिकून राहिला. या बोलीतील शब्दासाठी मनुष्यचिन्ह जोडून वेगळे अक्षर झाले. उजवा भाग पूर्ण लिहिल्यास ते 16 रेघांचे होते, संक्षिप्त लिहिल्यास 7 रेघांचे. चीनमध्ये आज संक्षिप्त रूपच रूढ आहे. 1924 ते 1934 या काळात टोकियोत छापलेल्या तैशो त्रिपिटकात मोठे रूपही आढळते. अभ्यासकाने ही दोन सर्वनामे समजू नयेत. धारणींच्या लिप्यंतरात हेच अक्षर केवळ ध्वनीसाठी येते. तेथे ‘तू’चा संबंधच नसतो.

आपल्याकडे ‘तू’ हा शब्द जातीच्या उतरंडीचे माप म्हणून वापरला गेला. त्यामुळे लिन्-चींच्या ‘नी’मध्ये अरे-तुरेचा अवमान दिसण्याचा संभव आहे. तो तेथे नाही. समोर बसलेल्या श्रोत्याशी त्याच्याच रोजच्या भाषेत केलेले ते बोलणे आहे. चुल्लवग्गात ब्राह्मणकुळातील दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदसात बांधण्याची अनुज्ञा मागितली, तेव्हा भगवंतांनी ती नाकारून ‘सकाय निरुत्तिया’, म्हणजे आपापल्या भाषेत, धम्म शिकण्यास सांगितले. (बुद्धघोषांनी याचा अर्थ मागधी असा लावला, तो प्रसंगाशी जुळत नाही असे आम्हांस वाटते.) लिन्-चींचे ‘नी’ या अनुज्ञेच्या वाटेवरचे आहे.

ही प्रवचने जपानात गेली, तेव्हा मात्र विपरीत घडले. चिनी मजकूर जपानी पद्धतीने वाचण्याच्या परंपरेत ‘रू’ आणि ‘नी’ या दोन्ही अक्षरांना ‘नान्जी’ हा एकच भारदस्त, जुना शब्द लावला गेला. अक्षर पानावर जसेच्या तसे राहिले, पण ऐकणाऱ्यास ग्रंथाची भाषा आणि बाजाराची भाषा यांतील भेद कळेनासा झाला. कोरियात या अक्षराचा वाचनोच्चार ‘नी’ असाच राहिला. तेथील बोलीतील ‘नॉ’ हा ‘तू’ मात्र देशी शब्द आहे, त्याचा या अक्षरातून उगम झालेला नाही.