खाटेवरून खुर्चीत

उठाबशा म्हटलं, की शाळेतली शिक्षा आठवते, नाही तर तालमीतले पैलवान. हृदयविकाराच्या रुग्णानं उठाबशा काढायच्या म्हटल्यावर घरचे दचकणारच. आमच्या कामोठ्यात एमजीएमचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं फिजिओथेरपीही शिकवतात. तरीही ‘झटका आलाय, त्यांना उठवू नका’ हे वाक्य मी शेजारपाजारी अनेकदा ऐकतो. या भीतीचं मूळ जुनं आहे.

१९१२ साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी हृदयविकाराच्या झटक्याचं नेमकं वर्णन केलं आणि पूर्ण विश्रांतीचा आग्रह धरला. हृदयाच्या स्नायूची जखम भरायला अवधी हवा, हा त्यामागचा विचार. मग कित्येक आठवडे रुग्ण खाटेवर. घास दुसऱ्यानं भरवायचा, कूससुद्धा दुसऱ्यानं बदलायची! हृदय सावरायचं, पण पडून पडून पायांत रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या. एखादी फुप्फुसात गेली, की माणूस दगावायचा.

बोस्टनचे डॉ. सॅम्युएल लेव्हाइन यांना हे पटेना. पाय खाली सोडून बसलं, की हृदयाकडं परतणारं रक्त कमी होतं, भार हलका होतो, असं त्यांचं म्हणणं. तरुण सहकारी डॉ. बर्नार्ड लाउन यांच्यासह त्यांनी रुग्णांना लवकरच उचलून खुर्चीत बसवलं आणि १९५२ साली ८१ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. आधी विरोध झाला तो इस्पितळातल्याच तरुण डॉक्टरांकडून. (हेच लाउन पुढं अणुयुद्धविरोधी डॉक्टरांच्या संघटनेचे एक संस्थापक झाले, तिला १९८५चं शांततेचं नोबेल मिळालं.) आपल्याकडंही त्याच दशकाच्या आरंभी परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा निघाली, निमित्त मात्र पोलिओचं होतं.

खुर्चीत बसणं रुळलं, मग खुर्चीतून उठणं हाच व्यायाम झाला. माझ्या मते यातली खरी गोष्ट संडासापर्यंत स्वतः जाता येण्याची आहे. मांड्यांतलं बळ गेलं, की हृदय बरं असूनही माणूस परावलंबी होतो. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली, की जरा उंच, भिंतीला टेकवलेली खुर्ची घेतात. पावलं मागं, अंग पुढं, आणि श्वास सोडत उठायचं. श्वास कोंडला तर रक्तदाब एकदम चढतो. बायपास झालेल्यानं हातांवर जोर द्यायचा नसतो, छातीचं हाड जुळायचं असतं. अशा वेळी फिजिओथेरपिस्ट आधार देतो. छातीत दुखलं, चक्कर आली, की लगेच थांबायचं. आधी दोन-चारदाच, नाडी पाहत. मग आकडा वाढतो आणि आधाराचा हात थोडा थोडा सुटत जातो.