स्पोर्ट्स कारचा सूर आणि तारप्याचा भोपळा

जव्हार-मोखाड्याच्या वारली पाड्यांवर घुमणारा तारपा वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांपासून घडतो. त्याचा सूर नळीची लांबी आणि पोकळी यांवर अवलंबून असतो. स्पोर्ट्स कारच्या एक्झॉस्टलाही हाच न्याय लागू पडतो.

चार सिलिंडरचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असताना सेकंदाला २०० स्फोट होतात. आठ सिलिंडर असल्यास ४००. प्रत्येक स्फोटाचा दाब एक्झॉस्टच्या नळीत ध्वनिलहर निर्माण करतो. त्यातील ठरावीक कंपने रेझोनेटर शमवतो, तर एकूण आवाज मफलर दाबतो. मफलर काढून टाकल्यास केवळ गोंगाट वाढतो. नळीचा व्यास, रेझोनेटर किंवा झडप यांत विचारपूर्वक बदल केल्यास मात्र सूर भारदस्त होतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावू नये. त्याच्याअभावी कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू थेट हवेत मिसळतात.

ध्वनिमानके मोडणाऱ्या वाहनचालकास पहिल्या गुन्ह्यासाठी १० हजार रुपयांपर्यंत दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीने केली. कायद्याच्या धाकापेक्षाही एक साधी गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आवाज १० डेसिबलने वाढला, की कानाला तो सुमारे दुप्पट भासतो. जव्हारहून मोखाडामार्गे त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या निवांत घाटरस्त्यावर रात्री एखादी गाडी गरजत गेली, तर चालकाची हौस क्षणात संपते. झोपमोड मात्र रस्त्यालगतच्या पाड्यांच्या वाट्याला येते.