आजीचा उजवा हात, नातीचा डावा हात

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या हिवाळ्यात माझ्या चौदा वर्षांच्या लेकीने यूट्यूब बघून विणायला सुरुवात केली. मला इतका आनंद झाला की लगेच नगरला आईला व्हिडिओ कॉल लावला. आईने चष्मा लावून दोन मिनिटं निरखून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, ही चुकीच्या हाताने विणतेय. लोकर उजव्या हातात धरायची ना!" मीही आईची री ओढली. लेकीच्या हातातून सुया घेतल्या आणि "हे बघ, असं" म्हणून करून दाखवलं. ती काहीच बोलली नाही. पिशवी कपाटात गेली ती दोन महिने बाहेर आली नाही.

तुमच्याही घरी असं झालं असेल, विणकामावरून नाही तर 'ळ'च्या उच्चारावरून किंवा पोळीच्या आकारावरून. मूल आपलं काहीतरी आपणहून उचलतं आणि आपण आधी चूक काढतो.

माझी चूक मला दाखवली ती एलिझाबेथ झिमरमन नावाच्या बाईने. तिची ओळख जुनी. मी सी.ए. होऊन, मुंबईची नोकरी सोडून नवऱ्यामागे न्यू जर्सीला आले, तेव्हा एच-४ व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. ती मे २०१५ मध्ये मिळायला लागली, तीही आमच्यातल्या काही जणींनाच. दुसऱ्यांच्या कंपन्यांचे ताळेबंद तपासणारी मी, घरी किराणा मालाचा हिशोब लिहीत बसायचे. तेव्हा लायब्ररीतल्या विणकामाच्या गटात जाऊ लागले. दहावीच्या सुट्टीत आईने शिकवलेले आणि आर्टिकलशिपमध्ये सुटलेले सुलट-उलट टाके तिथे परत हातात आले. तिथेच झिमरमनबाईंचं १९७१ सालचं 'निटिंग विदाउट टिअर्स' मिळालं. पुढे नोकरी लागली आणि विणकाम पुन्हा सुटलं. यंदा लेकीची पिशवी कपाटात बघून तेच पुस्तक परत आणलं.

ही बाई आपल्यासारखीच बाहेरून आलेली. जन्म १९१० चा, इंग्लंडमधला. नवरा जर्मन. १९३७ साली दोघं अमेरिकेत आली. लहानपणी तिला आईने लोकर उजव्या हातात धरून विणायला शिकवलं आणि नंतर स्विस गव्हर्नेसने डाव्या हातात धरून. म्हणजे आमच्या घरचंच भांडण! डाव्या हाताची पद्धत युरोप खंडातली, जर्मन समजली जाणारी. महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ती मागे पडली. झिमरमनबाईंना मात्र तीच सोयीची वाटायची आणि त्यांनी ती इथे पुन्हा रुजवली. एकदा त्यांची गोल विणायच्या स्वेटरची कृती प्रकाशकांनी बदलून सपाट तुकड्यांत छापली. बाईंनी वाद घातला नाही. १९५८ पासून स्वतःचं छोटं पत्रक काढलं, आपली कृती आपल्या पद्धतीने छापली. पुढे विस्कॉन्सिनमधल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत त्या राहायला गेल्या. १९९९ मध्ये त्या गेल्या, पण त्यांचं काम त्यांच्या मुलीने पुढे चालवलं.

विणकाम म्हणजे म्हाताऱ्या बायकांचा उद्योग, असं आपल्याला वाटतं. या देशाचा इतिहास वेगळं सांगतो. १७६० च्या दशकात इंग्रजी मालावरच्या करांविरुद्ध बहिष्कार सुरू झाला, तेव्हा न्यू इंग्लंडमधल्या तरुण मुली एकत्र जमून दिवसभर सूत कातायच्या. आपल्या चरख्याच्या दीडशे वर्षं आधी! १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि रेड क्रॉसने सैनिकांसाठी मोजे, स्वेटर, मफलर मागितले. तेव्हा शाळेतली मुलं वर्गात विणू लागली. मुलगेसुद्धा! सिनसिनाटीच्या अग्निशमन दलाचे जवान रिकाम्या वेळात विणतानाचा फोटो आजही बघायला मिळतो. २४ नोव्हेंबर १९४१ च्या 'लाइफ' मासिकाच्या मुखपृष्ठावर विणकामच होतं. दोनच आठवड्यांनी पर्ल हार्बर झालं आणि पुन्हा घराघरांत सुया निघाल्या. युद्ध, मंदी, स्थलांतर, काही बदललं की लोकांनी विणायला घेतलं. बरं दिवस आले की सोडून दिलं. माझ्या सुटलेल्या टाक्यांचं मला उगाच वाईट वाटायचं. हा इतिहास वाचून ते कमी झालं.

आता आईच्या 'बरोबर' पद्धतीचं बघू. सुयांवरचं लोकरीचं विणकाम आपल्याकडे आलं ते युरोपियन आणि मिशनरी बायकांबरोबर. अमेरिकेतले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणं मांडलं. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईला आली आणि नंतर नगरला मुलींच्या शाळा चालवू लागली. जोतीराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपण वाचलेलं असतं. अशा मिशन शाळांत अक्षरांबरोबर सुईदोराही शिकवत. म्हणजे बाळंतविड्यातली ज्या टोपड्या-मोज्यांना आपण 'अगदी आपलं' म्हणतो, ते विणायची कला जहाजातून आलेली आहे. नंतर आपल्या आज्यांनी ती इतकी आपलीशी केली की आज माझी आई तिच्यावरून नातीला रागावते.

हे सगळं मी लेकीला सांगितलं. आधी "सॉरी" म्हटलं, मग सांगितलं. ती म्हणाली, "मग आजीलाही सांग." सांगितलं. आई म्हणाली, "असेल. पण माझी वीण घट्ट येते." असो!

माझ्यातल्या अकाउंटंटसाठी झिमरमनबाईंकडे आणखी एक गंमत आहे, टक्केवारी. एका इंचात ५ टाके बसत असतील आणि छातीचं माप ४० इंच असेल, तर २०० टाके म्हणजे १०० टक्के. मनगटापाशी २० टक्के, म्हणजे ४०. बाहीचा वरचा भाग ३३ टक्के, म्हणजे ६६. गळा ४० टक्के, म्हणजे ८०. छापील कृतीची गरजच नाही. लेकीने हे गणित माझ्याआधी सोडवलं.

मग तिने दोन रंगांची टोपी विणायला घेतली. यात एक रंग उजव्या हातात आणि दुसरा डाव्या हातात धरला तर लोकर गुंतत नाही. झिमरमनबाईही हेच सुचवतात. डावा हात तिचा तयार होता. उजव्या हातासाठी तिने स्वतःच आजीला फोन लावला, मला न विचारता. आता दर शनिवारी सकाळी, म्हणजे नगरच्या संध्याकाळी, दोघी बसतात. आजी मराठीत ओरडते, नात इंग्रजीत उत्तर देते. मी मध्ये पडत नाही. आईने तिची हळदी रंगाची लोकर कुरिअरने पाठवली. लोकरीपेक्षा कुरिअर महाग पडलं. मी हिशोब केला आणि गप्प बसले.

तुमच्या घरी कोण विणायचं? आणि ते कुणाच्या हातात आलं? खाली नक्की लिहा.