विमानाच्या इंजिनात शिसं का साचतं? आणि पायलट ते कसं टाळतात?

भारतात १ फेब्रुवारी २००० पासून गाड्यांसाठी शिसं नसलेलंच पेट्रोल मिळतं. पण सेसना १५२ किंवा १७२ सारख्या छोट्या प्रशिक्षण विमानांच्या टाकीत आजही बहुतेक ठिकाणी शिसं असलेलं पेट्रोल भरलं जातं. याच शिशामुळे इंजिनाचे स्पार्क प्लग खराब होऊ शकतात. हा प्रकार नेमका काय आहे, ते बघूया.

इंधनात शिसं कशाला?

या इंधनाचं नाव १००एलएल अ‍ॅव्हगॅस. रंग निळा. 'एलएल' म्हणजे लो लेड, पण नावावर जाऊ नका. एका लिटरमध्ये ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं. ते टेट्राइथाइल लेड या रसायनाच्या रूपात मिसळतात. त्यामुळे ऑक्टेन वाढतं आणि इंजिनात 'नॉकिंग' होत नाही, म्हणजे इंधन भलत्या वेळी, भलत्या जागी पेटत नाही.

गंमत अशी, की कॉन्टिनेंटल ओ-२०० सारखी जुनी इंजिनं ८०/८७ ग्रेडच्या पेट्रोलसाठी बनली होती. त्या पेट्रोलच्या तुलनेत १००एलएलमध्ये शिशाची कमाल मर्यादा चौपट आहे. जुनं पेट्रोल बाजारातून गेलं आणि हा जास्तीचा भार त्या इंजिनांवर आला.

मग ते साचतं कसं?

इंधन जळलं की शिशाचं ऑक्साइड तयार होतं. ते बाहेर काढण्यासाठी इंधनातच इथिलीन डायब्रोमाइड घातलेलं असतं. ते शिशाचं ब्रोमाइड बनवतं आणि ते वायुरूपात सायलेन्सरमधून निघून जातं. पण यासाठी उष्णता लागते. प्लगच्या आतल्या सिरॅमिक टोकाचं तापमान साधारण ४८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं, तरच हे काम नीट होतं.

जमिनीवर कमी आरपीएमवर उभं असलेलं इंजिन तेवढं तापत नाही. त्यात मिश्रण 'रिच' असेल, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त असेल, तर तापमान आणखी घसरतं. मग प्लगमध्ये शिशाचे बारीक करडे गोळे जमतात. विजेला ठिणगी पाडण्याऐवजी शिशातून सोपी वाट मिळते आणि तो प्लग गप्प बसतो. खालच्या बाजूच्या प्लगना हा त्रास जास्त होतो.

कळतं कसं?

अशा इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि एकूण दोन मॅग्नेटो असतात. उड्डाणाआधी पायलट एकेक मॅग्नेटो बंद करून बघतो. आरपीएम मर्यादेपेक्षा जास्त पडला किंवा इंजिन थरथरलं, तर एखादा प्लग काम करत नसण्याची शक्यता असते. अशा वेळी आरपीएम वाढवून, मिश्रण लीन करून थोडा वेळ इंजिन चालवतात. बऱ्याचदा शिसं जळून जातं. पुन्हा चाचणी करूनही फरक नसेल, तर उड्डाण रद्द. टेकऑफच्या वेळी ताकद कमी पडली, तर सावरायला उंचीच नसते.

टाळायचं कसं?

१. जमिनीवर मिश्रण चांगलंच लीन ठेवा. अर्धवट नको. इतकं लीन, की चुकून तसंच टेकऑफसाठी थ्रॉटल पुढे ढकलला, तर इंजिन अडखळेल आणि चूक तिथेच लक्षात येईल.

२. उगाच ६००-७०० आरपीएमवर उभं राहू नका. लायकॉमिंग कंपनी जमिनीवर १००० ते १२०० आरपीएम सुचवते.

३. बंद करण्याआधी इंजिन १८०० आरपीएमवर १५ ते २० सेकंद चालवा, मग १००० ते १२०० वर आणून मिश्रणाच्या लाल नॉबने लगेच बंद करा. हाही लायकॉमिंगचाच सल्ला.

४. थ्रॉटल पूर्ण बंद करून लांबलचक उतरणं टाळा. इंजिन झपाट्याने थंड होतं.

५. प्लग ठरलेल्या तासांनी साफ करून वरचे खाली, खालचे वर बसवा. योग्य 'हीट रेंज'चेच प्लग वापरा.

६. तेल वेळेवर बदला. शिसं तेलातही उतरतं आणि गाळ बनतो. फिल्टर असेल तर साधारण ५० तासांनी, नुसती जाळी असेल तर २५ तासांनी.

शेवटचा शब्द मात्र त्या त्या विमानाच्या हँडबुकचा. प्लग साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत, कारण शिसं विषारी आहे.

पुढे काय?

ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, या विमानांच्या धुरातलं शिसं लोकांच्या आरोग्याला धोकादायक असल्याचं जाहीर केलं. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. शिसं नसलेल्या जी१००यूएल इंधनाला अमेरिकेच्या एफएएने २०२२ मध्ये मंजुरी दिली, तर कमी कॉम्प्रेशनच्या अनेक इंजिनांना यूएल९४ चालतं. मात्र ही इंधनं अजून सगळीकडे पोहोचलेली नाहीत. भारतात तर २०२२ मध्येच इंडियन ऑइलने देशी १००एलएल बाजारात आणलं.

म्हणजे बारामतीसारख्या ठिकाणी विमान शिकणाऱ्या मुलामुलींना अजून काही वर्षं तरी तो लाल नॉब नीट वापरावाच लागणार. यासाठी वेगळा खर्च नाही, फक्त सवय लागते.