हिवाळी धाव आणि आपले मंडळ : एक मागोवा

सुवर्णमहोत्सवी अंकात काय काय असावे याचा विचार करण्यासाठी संपादक मंडळाची पहिली बैठक बसली, तेव्हा गणेशोत्सव, नाट्यस्पर्धा, वाचनालय, भगिनी शाखा, संक्रांतीचे हळदीकुंकू असे विषय भराभर कागदावर उतरले. शेवटी कोणीतरी सुचविले, ‘‘आपल्या हिवाळी धावेवरही चार पाने असावीत.’’ त्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी, ज्यांच्या शब्दाला आम्ही सर्वजण मान देतो, शांतपणे विचारले, ‘‘नाटक मराठी, भजन मराठी, पुरणपोळी मराठी, हे समजले. पण धावण्यात मराठी ते काय?’’

बैठकीत क्षणभर शांतता पसरली. प्रश्न रास्त होता आणि आमच्याजवळ त्याचे उत्तर नव्हते. पुढील काही आठवडे आम्ही जुनी पुस्तके चाळली, जाणत्यांशी बोललो आणि जे हाती आले ते येथे मांडीत आहोत. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर होय.

जासूद आणि वाटा

आपण छत्तीसगडात कसे आलो, हा इतिहास बहुतेक सभासदांना ठाऊक आहे. नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत १७४१ साली रतनपुरावर चालून आले. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून कारभार केला. १८१८ नंतर, इंग्रजांच्या देखरेखीच्या काळात, मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आले. बंगाल-नागपूर रेल्वे झाली, मध्यप्रांताची राजधानी नागपूर असल्याने कचेऱ्यांतून मराठी कारकून, शिक्षक, वकील येथे येत राहिले. तात्यापाऱ्यासारखी वस्ती आजही त्या येण्याची साक्ष देत उभी आहे.

मात्र या सुपरिचित इतिहासातील एक माणूस आपल्या नजरेतून नेहमी निसटतो. तो म्हणजे जासूद. मराठी राज्यकारभार कागदावर चाले आणि कागद माणसाच्या पायांवर. पत्राची थैली घेऊन मजल दरमजल करणारे जासूद बहुधा दोघे मिळून जात. म्हणूनच जुन्या कागदांतून ‘जासूद जोडी’ हा शब्द पुन्हापुन्हा भेटतो. पानिपतच्या संहाराची वार्ता जानेवारी १७६१ मध्ये, ऐन थंडीत, नानासाहेब पेशव्यांस प्रथम कळली तीही सावकारांच्या कासिदाकडील पत्रावरून. पत्रातील मजकूर इतिहासाने जपून ठेवला. पत्र वाहून आणणाऱ्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. धावणाऱ्याच्या वाट्याला आपल्याकडे पुष्कळ काळ हेच आले.

एक मैदान, एक घड्याळ

हे चित्र पालटले ते पुण्यात. १९०६ साली तेथे डेक्कन जिमखाना ही संस्था स्थापन झाली. पहिल्या महायुद्धानंतरच्या सुमारास तिने मैदानी स्पर्धा भरविल्या, तेव्हा सर दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष होते. पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांस लिहिलेल्या पत्रात दोराबजींनी या स्पर्धांची आठवण सांगितली आहे. स्पर्धक बहुतेक शेतकरी वर्गातील होते आणि अनवाणी धावत होते. शास्त्रशुद्ध शिक्षण कोणासही मिळालेले नव्हते. तरीही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांशी तुलना करण्याजोग्या आहेत, हे पाहून दोराबजी चकित झाले. या माणसांना ऑलिंपिकला पाठवावे, ही कल्पना तेथून निघाली.

त्या काळच्या आपल्या अज्ञानाची एक गमतीदार आठवणही सांगितली जाते. ऑलिंपिकसाठी पात्रतेच्या वेळा काय असाव्यात याची चर्चा चालली असता, शंभर यार्ड धावण्यास किती वेळ लागावा असे विचारण्यात आले. एका सभासदांनी उत्तर दिले, एखाद-दोन मिनिटे! तो हिशेब मिनिटांचा नसून सेकंदांचा आहे हे कळल्यावर मंडळी थक्क झाली. आम्हांस या आठवणीचे हसू येते, पण त्याहून अधिक कौतुक वाटते. ज्यांना शंभर यार्डांची वेळ ठाऊक नव्हती, त्यांनीच वर्षभरात भारताचा पहिला संघ सातासमुद्रापार धाडला. सरकारी साह्य, दोराबजींची पदरमोड आणि लोकांकडून मिळालेला पैसा यांवर तो संघ १९२० साली बेल्जमच्या अँटवर्प शहरी गेला.

संघात धावपटू आणि मल्ल मिळून मोजके सहा जण होते. बंगालचे पूर्मा बॅनर्जी यांच्याखेरीज इतर नावे आपल्या कानांस परिचित वाटावीत अशी आहेत : फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी हे धावपटू, तर कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे मल्ल. शिंदे यांनी आपल्या वजनगटात चौथे स्थान मिळविले.

फडेप्पा दरेप्पा चौगुले हे बेळगावचे. २२ ऑगस्ट १९२० रोजी ते मॅरेथॉनसाठी उभे राहिले. लोकमान्यांचे निधन होऊन त्या दिवशी तीन आठवडे झाले होते. तेव्हा मॅरेथॉनचे अंतर आजच्याप्रमाणे सर्वत्र ठरलेले नव्हते. अँटवर्पची शर्यत तब्बल ४२.७५ किलोमीटरांची होती. ऑलिंपिकच्या इतिहासातील ही सर्वांत लांब मॅरेथॉन मानली जाते. फिनलंडचे हानेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिले आले. चौगुले यांनी २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत शर्यत पुरी केली आणि ते एकोणिसावे आले. दातार यांना ती पुरी करता आली नाही.

एकोणिसावा क्रमांक ऐकून कोणी नाक मुरडील, म्हणून आम्ही थोडा हिशेब केला. चौगुले यांनी प्रत्येक किलोमीटर चार मिनिटांच्या किंचित आत कापला आणि असे बेचाळीसहून अधिक किलोमीटर सलग कापले. आपल्या मंडळातील तरतरीत तरुणासही एक किलोमीटर जावयास सहा-सात मिनिटे लागतात आणि त्यानंतर तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो. शंभर वर्षांपूर्वीच्या या माणसाचे मोठेपण समजण्यास एवढे पुरे आहे.

येथे आम्हांस आमच्या ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाचे पहिले उत्तर सापडले. चौगुल्यांचे पाय जिमखान्याने दिले नव्हते. तसे पाय गावोगाव होते आणि आजही आहेत. परंतु मैदान आखणे, घड्याळ धरून उभे राहणे, वेळ लिहून ठेवणे, वर्गणी गोळा करणे आणि गुणी माणसाला योग्य ठिकाणी नेऊन पोहोचविणे, ही कामे संस्थेने केली. जासुदाचे नाव राहिले नाही; चौगुल्यांची वेळ सेकंदाच्या दशांशासह राहिली. संस्था उभारण्याची ही हौस हा मराठी समाजाचा जुना गुण आहे. ज्या गुणातून आपले मंडळ जन्मले, त्याच गुणातून ती शर्यतही जन्मली.

तेथून आजपर्यंत

पुढील वाटचाल आम्ही थोडक्यात सांगतो. १९८३ साली पुण्यात मॅरेथॉन सुरू झाली आणि डिसेंबरचा पहिला रविवार म्हणजे पुण्याची धाव, असे समीकरण दीर्घकाळ रूढ झाले. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली. तिची जानेवारीची पहाट आज हजारो कुटुंबांच्या दिनदर्शिकेत असते. शर्यती हिवाळ्यात घेण्याचे कारण साधे आहे. धावताना शरीर तापते, ती उष्णता घामावाटे बाहेर पडावी लागते; हवा थंड असेल तर हे काम सुकर होते. रायपूरकरांस हे समजावून सांगण्याची गरज नाही. मे महिन्यात येथे सकाळी आठ वाजता भाजी आणावयास जाणेही नको वाटते.

या शर्यतींनी ज्यांना पुढे आणले त्यांत ग्रामीण मुलींचा वाटा लक्षणीय आहे. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. सातारा जिल्ह्यातील माण या दुष्काळी तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचल्या.

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे शेतकऱ्याच्या घरात वाढले. लहानपणी शाळा दूर, वाहन नाही, म्हणून चालत-धावत जाणे हाच त्यांचा पहिला सराव. महार रेजिमेंटमध्ये दाखल झाल्यावर त्यांच्या पायांना शिस्त लागली. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या अर्धमॅरेथॉनमध्ये त्यांनी १ तास ३० सेकंद अशी वेळ दिली आणि एकसष्ट मिनिटांच्या आत येणारे ते पहिले भारतीय झाले. २०२२ साली बर्मिंगहॅम येथे त्यांनी स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक जिंकले, तेव्हा सुवर्णपदक अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. चौगुले आणि साबळे यांच्यामध्ये शंभर वर्षांचे अंतर आहे. पण गावच्या पायांना कोणीतरी वाट दाखविणारे हवे, ही गोष्ट दोघांच्याही बाबतीत सारखीच आहे.

आपल्या छत्तीसगडातही हे घडत आहे. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारी मुले पहाटे डांबरी सडकेवर धावताना आपण सर्वांनी पाहिली आहेत. नारायणपूर येथे अलीकडच्या वर्षांत अबूझमाडच्या नावाने अर्धमॅरेथॉन होऊ लागली आहे. आपल्या गडचिरोलीला लागून असलेला तो मुलूख अनेक वर्षे केवळ भीतीच्या बातम्यांतून आपणांस ठाऊक होता. तेथील रस्त्यावरून माणसे निव्वळ आनंदासाठी धावतात, ही वार्ता आम्हांस लहान वाटत नाही.

आपली धाव

आता घरची गोष्ट. आपल्या मंडळाची हिवाळी धाव मोजक्या घरांतील मोजक्या मंडळींनी सुरू केली. डिसेंबर-जानेवारीत रायपूरचा पारा पहाटे बारा-तेरा अंशांपर्यंत उतरतो, बूढा तालाबावर धुके असते आणि सप्रे शाळेच्या मैदानाकडून येताना चहाच्या टपरीचा धूर तेवढा दिसतो. ही शाळा ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या माधवराव सप्रे यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. त्यांचे नाव वाचीत आपली मुले धावतात, हा योगायोग आम्हांस सुखावतो. कधी तेलीबांध्याच्या काठाने, कधी नवा रायपूरच्या रुंद रिकाम्या रस्त्यांवर दर रविवारी धाव होई आणि संक्रांतीच्या आसपास शर्यत. बक्षीस म्हणून एक स्टीलचा डबा. परंतु तिळगूळ आणि पोहे-जिलबी मात्र सर्वांना.

या सर्वांची वेळ एक काका लिहीत. ते स्वतः कधी धावले नाहीत, गुडघे साथ देत नव्हते. अंगावर शाल, हातात घड्याळ आणि मांडीवर दोनशे पानी वही घेऊन ते खुर्चीवर बसत. पहिल्या आलेल्याचे नाव लिहीत, तसेच शेवटी आलेल्याचेही. शेवटची व्यक्ती येईपर्यंत ते उठत नसत. एका वर्षी एक आजीबाई नातवाचे बोट धरून सव्वा तासाने पोहोचल्या, तरी काका बसलेले होते आणि पोहे झाकून ठेवलेले होते.

काका गेले, त्यानंतर दोन हिवाळे धाव झाली नाही. ती कोणी बंद केली नव्हती. धावणारेही होतेच, ज्याला त्याला आपापल्या सोयीने धावता येत होते. पण रविवारी कोण येईल याची खात्री राहिली नाही, म्हणून कोणी येईना. ही चूक आम्हा कार्यकारिणीची होती, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. आम्ही शोकसभा घेतली, काकांच्या तसबिरीला हार घातला. त्यांची वही कोणी हाती घ्यावी, हे मात्र ठरविले नाही.

ती वही पुन्हा उघडली ती एका सभासदांच्या सुनेने. ती कोल्हापूरकडची, येथे नवीन, ओळखी थोड्या. तिने काकूंकडे जाऊन वही मागितली आणि पुढील रविवारी एकटीच खुर्ची मांडून बसली. पहिल्या दिवशी चार जण आले. चौथ्या रविवारी तीस झाले. त्यांत शेजारचे छत्तीसगढी कुटुंब होते, एक गुजराती दांपत्य होते, एक निवृत्त बंगाली मास्तर होते. मराठी मंडळाच्या धावेत इतरांनी यावे का, असा सूर बैठकीत निघालाच. तेव्हा अँटवर्पच्या संघाचे आम्हांस स्मरण झाले. पुण्याच्या जिमखान्याने उभारलेल्या त्या संघात बंगालचे बॅनर्जी होते आणि ध्वज त्यांच्याच हाती होता.

उत्तर

तर धावण्यात मराठी ते काय? आमचे उत्तर असे की, धावणे कोणा एका भाषेचे नाही. परंतु शेवटच्या माणसासाठी थांबणे, त्याचे नाव नीट लिहून ठेवणे आणि हे काम वर्षानुवर्षे चालू ठेवणे, हे ज्या समाजाने मंडळे, वाचनालये, व्यायामशाळा उभारून अंगी बाणविले, तो आपला समाज आहे. घरापासून दूर राहणाऱ्यांना तर त्याची अधिकच गरज असते. आपली मुले उद्या पुण्यास, बंगळुरास, परदेशी जातील. तेथे रविवारी पहाटे कोणा अनोळखी गटात सामील होताना, आपल्यासाठी कोणी तरी थांबेल, हा विश्वास त्यांनी येथून नेला पाहिजे.

लेखाचा मसुदा आम्ही त्या ज्येष्ठ सभासदांस वाचून दाखविला. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, ‘‘खुर्चीवर बसावयाचे काम मला जमेल का?’’ येत्या हिवाळ्यात एका खुर्चीऐवजी दोन खुर्च्या मांडाव्यात, असा ठराव कार्यकारिणीने एकमताने संमत केला आहे. धाव डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, सकाळी सहा वाजता, नेहमीच्या जागेवरून निघेल. सर्व सभासदांनी सहकुटुंब यावे, ही नम्र विनंती.