सात हालीचे सहा कलदार

परदेशी जायला आमच्या आजीला विमान लागलं नाही. तिचं माहेर वाशिमकडचं, सासर कनेरगाव नाक्याचं. बैलगाडीनं पैनगंगा ओलांडली की इंग्रजांचा वऱ्हाड मागं पडायचा अन् हैदराबादच्या निजामाची मोगलाई लागायची. नाणं बदलायचं, कचेरीची भाषा उर्दू व्हायची, गाठोडं सोडून दाखवावं लागायचं. पुढं मी याच हिंगोली–वाशिम रस्त्यावर एसटीत वाहक होतो. सुट्ट्या पैशांवरून भांडणारा प्रवासी भेटला की आजी आठवायची, कारण सुट्ट्यांच्या बाबतीत तिच्याइतकी कडक बाई मी पाहिली नाही.

ही हद्द आली कुठून? हैदराबाद कंटिंजंट नावाची इंग्रज अधिकाऱ्यांची फौज निजामाच्या खर्चानं पोसली जायची. तिची एक छावणी हिंगोलीतच होती. या फौजेचा पगार थकला, आणि त्यापोटी 1853च्या तहानं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1902 साली कर्झननं वर्षाला 25 लाख रुपये ठरवून तो कायमचाच पट्ट्यानं घेतला. कागदावर वऱ्हाडचा मालक निजाम, वसुली करणार इंग्रज. तिढा त्यांचा, नाक्यावर खोळंबायचो आम्ही.

निजामाचा रुपया हाली, इंग्रजांचा कलदार. हालीवर चारमिनार, कलदारवर राणीचा किंवा राजाचा मुखवटा. भाव साधारण असा, की 116 रुपये 10 आणे 8 पै हाली दिले की 100 कलदार मिळावेत. म्हणजे सात हालीचे सहा कलदार. व्यापाऱ्याला हे पाठ. औंढ्या नागनाथाला किंवा नामदेवाच्या नर्सीला निघालेल्या वऱ्हाडी म्हातारीला मात्र रुपया तो रुपयाच. तिनं कलदार पुढं करायचा, दुकानदारानं गुपचूप गल्ल्यात टाकायचा आणि मोड हालीत द्यायची, तीही एकास एक धरून! रुपयामागं अडीच आण्यांच्या आसपास बुडाले, आणि ते म्हातारीला घरी परतल्यावरही कळायचं नाही. आजी सांगायची, की ती कमरेला दोन चंच्या बांधायची, एकीत हाली, दुसरीत कलदार, आणि सौदा ठरण्याआधी ‘कोणता रुपया?’ हे विचारल्याशिवाय चंचीची दोरी सोडायची नाही.

दुसरा जाच करोडगिरीचा. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मालावर निजाम सरकार साधारण शेकडा पाच जकात घ्यायचं. अंगावरच्या लुगड्याला जकात नव्हती. पण गाठोड्यातलं नवं लुगडं विकायचं की नेसायचं, हे ठरवणार कोण? आजीच्या सांगण्यात एक माणूस हमखास यायचा. तो ना शिपाई, ना कारकून, पण नाक्याच्या ओट्यावर ऐटीत बसलेला. ‘साहेब जेवायला गेले, आता दिवस कलता येतील, चार आणे द्या, मी सोडवतो.’ साहेब आत कागदच लिहीत असायचे.

सरकारी कागदाच्या आडून माणूस कुठवर जातो याची गोष्ट हिंगोलीच्या छावणीतलीच आहे. निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी मेडोज टेलर यानं ती 1839 साली आपल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिली. हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी. खुद्द टेलरचा त्याच्याशी व्यवहार होता. मुंबईहून कापड आणायचंय म्हणून त्यानं कॅप्टन रेनॉल्ड्सकडून रीतसर परवाना घेतला. कापड दुसऱ्याच व्यापाऱ्याचं होतं, आणि ते वाटेवर आहे हे हरिसिंगला ठाऊक होतं. त्यानं त्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या माणसांना मारलं, परवाना दाखवून माल हिंगोलीत आणला आणि छावणीतच उघड विकला. पुढं पकडल्यावर त्यानं स्वतःच सांगितलं, म्हणून कळलं. चार आणे घेणारा ओट्यावरचा माणूस यापुढं अगदीच चिल्लर. पण भांडवल दोघांचं एकच, सरकारी वाटणारी अब्रू.

हे भांडवल अजून चालतं. बँकॉकच्या राजवाड्याबाहेर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला टापटीप माणूस सांगतो, की आज पूजा आहे, वाडा दुपारपर्यंत बंद. मग तो स्वस्तातल्या टुकटुकमध्ये बसवतो आणि ती गाडी थेट खड्यांच्या दुकानापुढं थांबते. वाडा तोवर उघडाच असतो. ठेचकाळलेल्या मंडळींकडून हे ऐकताना मला आमचा नाकाच दिसतो. पॅरिसला साक्रे-कर चर्चच्या परिसरात मनगटाला दोरा बांधून पैसे मागणारे आहेत, पण त्यांचं मला फारसं वाटत नाही. आपल्याकडे देवळाच्या दारात गंध लावणाऱ्याला आपण ओळखतोच की.

स्वातंत्र्यलढ्यात मराठवाड्यात करोडगिरीचे नाके जाळले गेले, सप्टेंबर 1948मध्ये निजामी संपली, पुढच्या काही वर्षांत हालीही गेली. 1 नोव्हेंबर 1956ला मराठवाडा आणि विदर्भ एकाच राज्यात आले. नाणं बदलण्यातला बट्टा मात्र गेलेला नाही. परदेशात कार्ड दिलं की कधी कधी मशीन विचारतं, रुपयांत द्यायचे की तिथल्या चलनात? रुपयांचा आकडा पाहून बरं वाटतं आणि बोट तिकडं जातं. त्या रुपयांत बदलीचा चढा भाव आधीच घातलेला असतो, आणि हे सगळं कायद्यानं चालतं. तेव्हा उन्हाळ्यात बाहेरदेशी निघणार असाल तर मशीनवर तिथलंच चलन निवडा, आणि दुकानदार घाईनं स्वतः बटण दाबू लागला तर मशीन आपल्या हातात मागून घ्या.